भिणारे सुभेदार

सुभेदारांइतका भित्रा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तरी ते रागावले नसते. ‘व्हय,’ म्हणाले असते, ‘भितो. भितो म्हणून तर हितं बसून तुज्यासंगं च्या पितोय.’ लढाईत पदकं मिळवलेला माणूस, सहा फूट उंच, मिशा अशा की एस.टी.चा कंडक्टर उठून आपली जागा द्यायचा. आणि हा माणूस कुणाच्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबायचा, मान वर करून आढं, तुळया, खण न् खण न्याहाळायचा, आणि पटलं तरच आत पाऊल टाकायचा. पाटलांच्या घरी लग्नाची यादी ठरत होती तेव्हा सगळी मंडळी माजघरात, आणि हे बाहेर अंगणात बसून खिडकीतून बोलत होते. पाटलांना राग आला. यांनी खिडकीतूनच सांगितलं, ‘मदली तुळई वाळवीनं खाल्लीया. राग मागनं धरा, आदी तिला टेकू द्या.’

बहात्तरच्या दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो आणि त्यांच्या घरी भाड्यानं राहिलो. गाव वडूजहून म्हसवडकडे जाताना आत लागतं. मी कराडकडचा, कृष्णाकाठचा. आमच्याकडे उसाला पाणी पाजून माणसं कंटाळतात आणि इथं प्यायच्या पाण्याचा टँकर आला की गाव घागरी घेऊन पळायचं. मॅट्रिक होऊन दोन वर्षं घरी माशा मारत बसलो होतो, त्यामुळे ही हंगामी कारकुनीसुद्धा मला कलेक्टरीसारखी वाटत होती. खिशाला पेन होतं, बायामाणसं ‘भाऊ, भाऊ’ करायची. मला ते आवडायचं. आता कबूल करायला काय हरकत आहे?

सुभेदारांनी दिलेल्या खोलीत एक फळी नव्हती, एक खुंटी नव्हती. ट्रंक, कंदील, पाण्याची कळशी सगळं जमिनीवर. मी भिंतीला एक खिळा ठोकून आरसा टांगला, तर संध्याकाळी तो आरसा माझ्या अंथरुणावर आणि खिळा ट्रंकेवर ठेवलेला. काकींनी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लालभडक भाकरी ताटात टाकत मला समजावलं, ‘डोक्याच्या वर काय बी ठिवायचं न्हाई बगा ह्या घरात. त्यास्नी वर बगायची खोडच हाय. आवं, लढाईवरनं आले आन आमचं लगीन झालं, तर अंतरपाट धरल्याला, आन ह्ये माज्याकडं बगायचं सोडून मांडवाच्या आडव्या वाशाकडं बगत हुबं!’ काकी हसल्या. सुभेदार हसले नाहीत. ‘वासा कच्चाच व्हता,’ म्हणाले.

कोयनेचा भूकंप होऊन पाच वर्षं झाली होती, पण जमीन अजून मधूनच अंग झटकायची. गावाला त्याची सवय झाली होती. भांडी खुळखुळली तरी बाया हातातली भाकरी थापायच्या थांबत नसत. माझ्या पहिल्याच महिन्यात एका दुपारी आम्ही जेवत होतो आणि फडताळाविना जमिनीवर मांडलेल्या वाट्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या. मी म्हणणार होतो की ट्रक गेला वाटतं, तोवर सुभेदारांनी माझी कॉलर धरून मला बाहेर अंगणात नेऊन आपटलं होतं. हात कालवणात बरबटलेला, पायात काही नाही, अंगण तापलेलं. मागून काकी पदर सावरत सावकाश आल्या. काही झालं नव्हतं. शेजारची माणसं दारात उभी राहून हसत होती. सुभेदारांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. ‘बघ, कसा हालतोय,’ म्हणाले. ती बोटं थरथरत होती आणि ती लपवायची त्यांना गरजच वाटत नव्हती. मलाही आधी हसू येत होतं, पण तो हात पाहिला आणि मी मागं वळून घराच्या आढ्याकडे पाहिलं. त्या रात्रीपासून मीही सुभेदारांसारखा अंगणात झोपायला लागलो.

त्यांच्या भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही विचारल्यावर. इटलीत एका गावात त्यांची तुकडी दगडी चर्चमध्ये मुक्कामाला होती. तोफेचा गोळा दूर कुठंतरी पडला, चर्चला लागलाही नाही. ‘लागला असता तर बरं, कळलं असतं. न्हाई लागला. म्हणून आमी बिनघोर. आन तासाभरानं वरनं बारीक वाळू गळाय लागली. जवान म्हणत्यात, उंदीर हाय. मी बी म्हनलं, उंदीर असंल.’ मग त्यांनी बोट वर केलं. ‘आदी वाळू गळती. मग खडा पडतो. मग दगूड. ध्यानात ठिव.’ दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. आत त्यांच्यासोबत चौघे होते, त्यांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता असा माणूस गावातल्या सगळ्यांत जुन्या दगडी इमारतीच्या वाऱ्याला उभा राहू नये की नाही? पण सुभेदारांचा अर्धा दिवस महादेवाच्या देवळापाशी जायचा. देऊळ यादवांच्या वेळचं, लोक म्हणतात तसं हेमाडपंती. ओढ्याच्या वर, गावापासून चार शेतं लांब. खाली चांदणीसारखा कोपऱ्याकोपऱ्यांचा चौथरा, मध्ये खांबांचा मंडप, त्याच्या मागं अंधारा गाभारा. सगळा काळा दगड, आणि कुठंही चुन्याचा टिपूस नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला. इतका नेमका की सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही.

गंमत अशी की सुभेदार त्या देवळात कधी गेलेच नव्हते. शिवरात्रीलासुद्धा पायरीवरून हात जोडायचे. पण आतला दगड न् दगड त्यांना पाठ होता, आणि तो कसा, हे पाहून मी थक्क झालो. पलटणीतला दाढीचा आरसा ते खिशात ठेवायचे. सकाळचं ऊन पूर्वेच्या दारावर आलं की पायरीखाली उभं राहून त्या आरशानं कवडसा आत टाकायचे आणि हात वळवत वळवत तो सगळ्या मंडपभर फिरवायचे. काळोखात एक एक गोष्ट उजळायची आणि पुन्हा बुडायची. खांब खाली चौकोनी, मग आठ पैलूंचा, मग गोल. खांबाच्या डोक्यावर चार हातांचे बुटके यक्ष, गाल फुगवून, डोळे बाहेर काढून तुळई पेलणारे. ‘ह्येंची तोंडं बघ,’ सुभेदार म्हणायचे. ‘सात-आटशे वर्सं वजन घेत्यात. ज्येनं घडवलं त्येला ठावं व्हतं वजन म्हंजी काय ते. न्हाईतर हसरी तोंडं केली असती.’

मग कवडसा वर छतावर जायचा. तिथं चार तुळयांच्या चौकोनावर कोपरे कापून तिरका चौकोन, त्यावर आणखी लहान चौकोन, असं आवळत आवळत शेवटी एक दगडी कमळ. ‘कमान न्हाई. चुना न्हाई. मग वर काय धरलंय?’ मास्तरासारखे मला विचारायचे. मग स्वतःच सांगायचे, ‘वजन. एकाचं वजन दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, आन सगळ्यांचं शेवटी भितीवर. भीत हालली, की सगळे मोकळे.’ मी कवडशाकडे बघत राहायचो आणि मला त्या यक्षांची दया यायची. भीतीही वाटायची. आधी मला देवळात थंड, शांत वाटायचं. त्यांच्या या धड्यानंतर मला तिथं सारखं वाटायला लागलं, की वर कुणीतरी श्वास धरून उभं आहे.

त्यांची खरी काळजी होती ती दक्षिणेची भिंत. भूकंपानंतर तिला पोट आलं होतं. सुभेदारांनी वळचणीच्या दगडाला एक ओळंबा, गवंडी वापरतात तशी वजन लावलेली दोरी, बांधून खाली सोडला होता. रोज सकाळी दोरी आणि भिंत यांच्यामध्ये बोटं घालून पाहायचे. भूकंपाच्या वर्षी चार बोटं मावायची, मी आलो तेव्हा दोन. ‘भिती दोन असत्यात रं हितं,’ ते मला सांगायचे. ‘एक आतनं, एक भायेरनं, आन मदी नुसता भराव. भायेरची भीत भायेर निघालीया. तिला रोखलंय ती ह्या राशीनं.’ त्या भिंतीला लागून छातीभर उंचीची दगडांची रास होती. पडझडीचे दगड, अर्धे मातीत, वर तरवड उगवलेला. बघणाऱ्याला उकिरडा वाटावा अशी. ‘ह्ये दगूड पडल्यालं न्हाईत, टाकल्यालं हायत. माज्याआदी कुणीतरी असाच भित्रा हुता गावात. त्येनं टेकू दिलाय.’

तरी हे सगळं एका म्हाताऱ्याचं वेड म्हणून चाललं असतं. पण आमच्या कामावर शंभरावर बाया होत्या, त्यांतल्या काही लेकुरवाळ्या. उन्हाळा चढत गेला. झाडाला पान नाही, सावली म्हणून देवळासमोरचा एक निंब आणि एक ते देऊळ. टोळीची म्होरकी होती तिला सगळे आक्का म्हणत. मेंढरं मेल्यावर रस्त्याच्या कामावर आलेल्या घरातली, आडव्या हाडाची, बोलायला फटकळ. तिनं एके दिवशी आपल्या लेकीच्या बाळाची झोळी देवळातल्या दोन खांबांना बांधली. दुसऱ्या दिवशी पाच झोळ्या झाल्या. मग सगळ्याच. खांबाला खांब जवळ, दगड गार, गाभाऱ्याकडून वारा. बाळं तिथं दुपारभर निवांत झोपायची आणि बाया फर्लांगभर अंतरावर खडी फोडायच्या. आक्कानं सोबतीला एक आंधळी म्हातारी पायरीशी बसवली होती. रडणं ऐकू आलं की ती हाक मारायची.

सुभेदारांनी हे पाहिलं आणि त्यांचं जेवण सुटलं. आधी बायांना सांगून पाहिलं. आक्का म्हणाली, ‘आवं सुभेदार, भायेर उन्हात पोर करपून मरंल त्याचं काय? द्येव न्हाई व्हय सांबाळायला?’   मग ते रोज त्या राशीवर जाऊन बसायला लागले. डोक्याला टॉवेल, हातात काठी. कारण कामाला दगड लागत होता, डोंगर लांब होता, आणि ही रास टोळीच्या डोळ्यासमोर होती. पोरंटोरं चिडवायची, ‘सुभेदार अंडी उबवत्यात.’ सुभेदार बसून राहायचे. संध्याकाळी शेवटची झोळी सुटली की उठायचे, तेव्हा त्यांच्या सदऱ्याला मिठाचे पांढरे डाग पडलेले असायचे.

एकदा रात्री जेवताना म्हणाले, ‘मी साताऱ्याला जातो. सायबाला अर्ज देतो. कुणीतरी शिकल्याला माणूस येऊन बघंल तर बाया ऐकतील.’ मग माझ्याकडे वळले. ‘दोन दिस. तू तितं बस. एक दगूड बी हलू दिऊ नगंस. बसशील न्हवं?’

‘बसतो की,’ मी म्हटलं. अगदी सहज.

पहिला दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी आमचे ओव्हरसियर जीप घेऊन आले, खडीच्या ढिगाला टेप लावला आणि माप कमी भरतंय म्हणून माझ्यावर उखडले. शनिवारी मोठे साहेब येणार होते. ते गेल्यावर आक्का माझ्यापुढे येऊन उभी राहिली. ‘भाऊ, डोंगरापतुर जाऊन याचं म्हंजी पाय भाजून निगत्यात. तुमी राशीवर बसलाय खरं, पर ते दगूड कुणाच्या कामाचं? वरचं वरचं उचलू का?’ मागं दहा-बारा बाया. सगळ्यांच्या पायांना चिंध्या बांधलेल्या. आणि मला सगळ्यांनी चांगलं म्हणावं अशी फार हौस. ‘वरचे वरचे न्या,’ मी म्हटलं, आणि उठून निंबाखाली जाऊन बसलो. बघायला नको म्हणून तिकडे पाठ करून बसलो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. संध्याकाळपर्यंत त्या जागी ओल्या मातीचा एक पट्टा आणि उघडी पडलेली विंचवांची बिळं उरली होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सुभेदार एस.टी.तून उतरून थेट देवळाकडे आले. मी निंबाखाली हजेरीचं मस्टर उघडून बसलो होतो. त्यांना येताना पाहिलं आणि मी मस्टर हातात घेऊन उठलो. ते राशीच्या जागी क्षणभर उभे राहिले. ओळंब्यापाशी वाकले. दोरी भिंतीला टेकली होती. आता बोट तर सोडाच, नखसुद्धा गेलं नसतं. मला वाटलं, आता हे काठी घेऊन माझ्या अंगावर येणार. आले असते तर बरं झालं असतं.

ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘आत पोरं किती हायत?’

‘असतील आठ-नऊ.’

‘असतील न्हवं. किती?’

‘नऊ.’

‘नक्की?’

मी मस्टरकडे पाहिलं. त्यात शंभरावर नावं होती, प्रत्येकीच्या पुढे माझ्या हातची खूण. कुणाच्या पोराची नोंद करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं. 

‘वरडू नगंस,’ ते म्हणाले. ‘वरडलास तर बाया पळत येतील आन सगळ्या एकदम आत शिरतील. म्हातारीला लांब बसीव. मी दिईन तसं पोर घ्याचं आन निंबाखाली ठिवायचं.’ त्यांनी चपला काढल्या. पायरी चढले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी वर पाहिलं.  मग ते आत गेले.

मी का गेलो नाही? दोघं असतो तर काम निम्म्या वेळात झालं असतं. हे मला आजवर शंभर जणांनी विचारलं असेल, आणि एकानंही विचारलं नसतं तरी मी स्वतःला विचारलंच असतं. माझी छाती झाली नाही. त्यांच्या आरशानं ते छत मला इतकं दाखवून ठेवलं होतं की मला उंबरा ओलांडवेना.

पहिलं बाळ झोळीसकट आलं. दुसरं झोपेतच. तिसरं भेदरून रडायला लागलं आणि सुभेदार त्याला दबक्या आवाजात ‘न्हाई न्हाई, झालं झालं’ म्हणत होते, तो आवाज मंडपात घुमत होता. मी निंबाकडे पळायचो, परत यायचो. चार. पाच. सहावं घ्यायला गेलो तेव्हा मला आतून एक बारीक आवाज ऐकू आला, सुपातून रेती सांडल्यासारखा. सुभेदारांच्या डोक्यावर, मिशांवर धूळ बसली होती. त्यांनी मान वर केली नाही. आत होते तेवढा वेळ त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. सात. आठ. एक खडा टणकन फरशीवर पडून उडाला.

नववं बाळ घेऊन ते स्वतःच बाहेर आले, पायरीखाली उतरले, आणि त्यांनी ते माझ्या हातात दिलं. ते बाहेर होते. मोकळ्या आभाळाखाली होते. माझ्यापासून हातभर अंतरावर.

‘झाली,’ मी म्हटलं. ‘नऊ.’

‘नक्की?’ त्यांनी परत विचारलं.

एक शब्द बोलायचा होता. मला काय धाड भरली होती? पण मनात आलं, दहावं असलं तर? आज एखादी नवी बाई कामावर आली असली तर? मागच्या कोपऱ्यात अंधारात एखादी झोळी राहिली असली तर? हजेरी माझ्याजवळ, शाई माझ्याजवळ, आणि मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांना माझं उत्तर कळलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला मागं ढकललं आणि ते पुन्हा पायरी चढून आत गेले. या वेळी मागच्या कोपऱ्यापर्यंत.

भिंत आवाज न करता बसली. आवाज नंतर छताचा झाला. धुळीत मला काही दिसेना. बाळं सगळी एकदम किंचाळायला लागली आणि रस्त्याकडून बाया धावत सुटल्या. कुणाचं डोकं उघडं, कुणाच्या हातात अजून हातोडी. त्या देवळाकडेच निघाल्या होत्या. मी आडवा झालो, ओरडलो, ‘हिकडं, हिकडं, निंबाखाली!’ मग प्रत्येक आईनं झडप घालून आपापलं उचललं. छातीशी धरलं, पालथं-उताणं करून पाहिलं, मुके घेतले, मारलंसुद्धा. आक्कानं नातवाला पोटाशी धरलं आणि ती मटकन खाली बसली.

निंबाखाली एकही पोर उरलं नव्हतं आणि एकही लेकुरवाळी रिकाम्या हातानं उभी नव्हती.

‘कुणी काढली गं पोरं भायेर?’ कुणीतरी विचारलं. मी देवळाकडे बोट केलं. तिथं धूळ खाली बसत होती.  कामावरचे पुरुष पहारी आणायला गावाकडे पळाले. पहारींचा काही उपयोग होणार नाही, हे मला त्या दगडांकडे बघूनच कळलं होतं.

मी आक्काजवळ जाऊन उभा राहिलो.  ‘आक्का, आज पोरं किती होती?’

‘किती म्हंजी?’ ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. ‘नऊ. रोजच नऊ असत्यात की, भाऊ.’